हट्टी बाईचं आज्ञापालन

प्रेम हुकमानं करता येत नाही. मुलाला ‘हात धू’ म्हणून दरडावता येतं, ‘माझ्यावर माया कर’ म्हणून दरडावता येत नाही. दरडावलंच तर मूल मायेचं नाटक तेवढं शिकतं. ख्रिस्ती धर्माविषयी विचारी माणसं जे आक्षेप घेतात त्यांत हा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. ख्रिस्ती माणूस ज्या तोंडानं देव म्हणजे प्रीती असं सांगतो, त्याच तोंडानं त्या देवावरचं प्रेम आज्ञा पाळून दाखवायचं असतं असंही सांगतो. हे दुसरं सांगणं कुणा उत्साही प्रचारकाच्या पदरचं नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या रात्री, येशू शिष्यांना तेच सांगतो. आपल्याकडच्या मंडळ्यांत या वचनावर प्रवचन झालं नाही असं वर्ष जात नाही, आणि प्रवचनातली यादी बहुधा ठरलेली असते: उपासना चुकवू नका, दशमांश द्या, दारूला शिवू नका, घरात वडिलांचं ऐका, मंडळीत पाळकांचं ऐका. शेवटचं कलम जरा ठासून.

यादीत वाईट काही नाही. पण ते वचन कुणी, कुठे आणि काय करून झाल्यावर उच्चारलं, हे तिच्यात कुठेच येत नाही. त्याच रात्री, त्याच जेवणावर, बोलणाऱ्यानं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते. ते काम गुलामांचं. पेत्र नको नको म्हणत होता, आणि धुतलेल्या पायांत थोड्याच वेळात त्याला धरून द्यायला निघालेल्या यहूदाचेही पाय होते. त्यानंतर नवी म्हणून जी आज्ञा दिली गेली ती एकच, एकमेकांवर प्रीती करण्याची. योहानाच्या या भागात आज्ञांची लांबलचक जंत्री शोधू गेलं तर सापडत नाही. सापडतो तो आधी स्वतः वाकलेला एक आज्ञा देणारा, आणि ज्याच्या पायाशी जायचं तो बाजूला बसलेला माणूस.

यावरून मी स्वतःपुरती एक कसोटी बनवली आहे. देवाची आज्ञा माणसाला बहुतकरून खाली पाठवते, ज्याची आपल्यावर काडीची सत्ता चालत नाही अशा कुणाकडे. देवाच्या नावावर माणसांनी काढलेली आज्ञा बहुतकरून वर पाठवते, आज्ञा काढणाऱ्याकडेच. कसोटी कच्ची आहे, ती कुठे तुटते तेही पुढे येईल. पण ती घासून बघायला महाराष्ट्राजवळ एक आयुष्य आहे, आणि त्या आयुष्याइतकं आज्ञापालनाच्या प्रश्नानं पिळून निघालेलं दुसरं मला माहीत नाही.

पंडिता रमाबाईंचं बालपण आज्ञा पाळण्यातच गेलं. १८५८ साली पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्यामागे शास्त्रार्थाचं लचांड लागलं होतं, तेव्हा हा माणूस मुळात जगाच्या म्हणण्याला दबणारा नव्हता. पण शास्त्राचं म्हणणं त्यांनी अक्षरशः पाळलं. तीर्थयात्रा, पुराणं सांगणं, उपास, दानधर्म. होतं नव्हतं ते पुण्यासाठी वाटून टाकलं. पोटासाठी हलकं काम करणं विद्वान ब्राह्मणाला शोभत नाही, हाही दंडक पाळला. मग दुष्काळ आला आणि घरातली माणसं एकामागून एक उपासमारीनं गेली. उरल्या रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. पुढे आपल्या साक्षीत रमाबाईंनी या दिवसांविषयी लिहिलं आहे. त्यात वडिलांवर राग नाही. सगळं सांगितल्याप्रमाणे करूनही कबूल केलेलं फळ पदरात पडलं नाही, ही चकित करणारी जाणीव आहे.

हे लिहून हिंदू घरातल्या आज्ञापालनाला मी नावं ठेवतो आहे असं कुणी समजू नये. देवाशी देवाणघेवाणीचा करार करणं ही कुणा एका धर्माची मक्तेदारी नाही. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं वाहणाऱ्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. दशमांशाच्या बदल्यात धंद्यात बरकत येईल अशी हमी व्यासपीठावरून देणारे प्रचारकही पाहिले आहेत. मेणाचं घर वाहणारी बाई निदान काय हवं ते उघड सांगते. आज्ञा पाळण्यामागे मोबदल्याची अपेक्षा असली की मोबदला चुकल्याबरोबर आज्ञाही सुटते. रमाबाईंचं तसंच झालं. कलकत्त्यात पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला तोवर त्यांची जुनी श्रद्धा आतून पोकळ झालेली होती. भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावींशी जातीबाहेर लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, दोन वर्षं पुरती होण्याआधी नवरा पटकीनं गेला. १८८२ साली त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या.

तिथे त्या वॉन्टेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या मठात राहिल्या. या सिस्टरांचं काम पुण्यातही होतं, ओळख तिथूनची. लंडनच्या फुलहॅम भागात वाट चुकलेल्या म्हणून समाजानं टाकलेल्या बायकांसाठी आश्रम चालत असे. तो पाहायला रमाबाईंना नेलं, आणि ज्या बायकांच्या सावलीलाही सभ्य घरं उभी राहत नाहीत त्यांची सिस्टर मनापासून शुश्रूषा करताना त्यांना दिसल्या. हे तुम्ही का करता, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. त्रैक्याचा सिद्धान्त पटला म्हणून तो झालेला नव्हता; पुढची दोन वर्षं त्याच सिद्धान्तावरून त्या भांडत होत्या. कुणीतरी आज्ञा पाळताना दिसलं, आणि ती आज्ञा खाली नेत होती, एवढं त्यांना पुरलं. शास्त्रार्थात मुरलेल्या बाईला वादानं जिंकता आलं नसतं, असं माझं मत आहे.

आणि मग ज्यांच्या आज्ञापालनानं त्या ख्रिस्ताकडे आल्या, त्यांचीच आज्ञा पाळायला त्यांनी नकार दिला.

वॉन्टेजमध्ये त्यांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी सिस्टर जेरल्डीन यांच्याकडे होती. रमाबाई त्यांना पत्रात ‘आजीबाई’ म्हणत. त्या काळचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापला, आणि ज्याला धर्मात अधिकार कुणाचा हा प्रश्न पडतो त्यानं तो वाचावाच. भांडणाचे मुद्दे वरवर किरकोळ दिसतात. रमाबाई मांसमच्छी खाईनात, अंड्याचं काही घातलेलं पक्वान्नही नको म्हणत. सिस्टरांना त्यात जुना जातीचा अभिमान दिसे. मठातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. ती संस्कृतात का असू नयेत, लॅटिन आमच्या संस्कृताहून पवित्र कशानं झाली, असं रमाबाई विचारत. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकवताना पुरुषांनाही शिकवण्याचा प्रश्न आला, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची अब्रू राहणार नाही, असं या दोघा इंग्रज धर्माधिकाऱ्यांचं म्हणणं. रमाबाईंनी उत्तर दिलं की माझ्या आईनं आणि मी पुरुषांना शिकवलं तेव्हा ना माझ्या वडिलांनी हरकत घेतली ना माझ्या नवऱ्यानं, आणि इंग्लंडातल्या माणसांनी ती घ्यावी याचं नवल वाटतं. या उत्तरावर बिशपांनी काय बोलावं!

खरा वाद याच्याखाली होता. जेरल्डीनबाईंच्या मते मंडळी हीच ख्रिस्ताचं शरीर, तिनं नेमलेले अधिकारी म्हणजे ख्रिस्ताचा आवाज, तेव्हा ख्रिस्तावर प्रेम असेल तर त्यांच्यापुढे मान तुकवली पाहिजे. रमाबाई म्हणत, एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, ते उतरवून लगेच दुसरं घेणार नाही. देवानं मला विवेक दिला आहे आणि तो वापरण्याची जबाबदारीही माझीच. जेरल्डीनबाईंना यात गर्व दिसला, नम्रतेचा अभाव दिसला, हट्ट दिसला. आधुनिक वाचक पटकन रमाबाईंची बाजू घेऊन जेरल्डीनबाईंना गोऱ्या अहंकाराचा नमुना ठरवतो. तो अहंकार पत्रांत आहे, नाही म्हणण्यात अर्थ नाही. पण ही बाई स्वतः आज्ञापालनाचं व्रत घेतलेली होती. जे तिनं रमाबाईंकडे मागितलं ते आधी स्वतः दिलेलं होतं, आणि तसं व्रत घेतलेल्या बायका नसत्या तर फुलहॅमचा आश्रम चालला नसता. दुसऱ्याकडून जे मागायचं ते आधी आपण मोजलेलं असणं, ही गोष्ट आपल्या बहुतेक उपदेशकांपेक्षा तिला वर ठेवते.

तरी ती चुकत होती असं मला वाटतं. मंडळीशी मतभेद म्हणजे देवाशी अवज्ञा, हा तिचा सांधा कच्चा होता. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात दोन मुलांचा दाखला आहे. बाप दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जा म्हणतो. एक जातो म्हणतो आणि जात नाही. दुसरा तोंडावर नाही म्हणतो आणि नंतर जातो. बापाची इच्छा कुणी केली, असं येशू देवळातल्या पुढाऱ्यांना विचारतो, आणि त्यांना स्वतःच्याच तोंडानं दुसऱ्याचं नाव घ्यावं लागतं. या दाखल्यावरची जी प्रवचनं मी ऐकली त्यांत पहिल्या मुलाचा निषेध भरपूर असतो, दुसऱ्याच्या ‘नाही’बद्दल मात्र सगळे घाईनं पुढे सरकतात. दाखल्यात बाप त्या नकाराला शिक्षा करत नाही. मळ्यात काम झालं की नाही एवढंच तो पाहतो.

रमाबाई मळ्यात गेल्या. अमेरिकेत ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ लिहून, बॉस्टनमध्ये मदतीची समिती उभी करून त्या परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींतल्या गोदूबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्याच साली सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर प्रभृती बाहेर पडले. कारण सदनात धर्मशिक्षण देणार नाही असं वचन असताना मुली रमाबाईंच्या सकाळच्या प्रार्थनेला बसू लागल्या होत्या. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावलं नाही, माझ्या खोलीचं दार मात्र बंद करणार नाही. इथे मला टीकाकारांचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही. ज्या मुलीला जगात दुसरं छप्पर नाही, जिच्या ताटातलं अन्न याच बाईच्या हातून येतं, तिला उघडं दार हे केवळ उघडं दार नसतं. वॉन्टेजला रमाबाई खालच्या पायरीवर होत्या. पुण्यात त्या वरच्या पायरीवर गेल्या, आणि माझी कसोटी आता त्यांनाही लागू होते. बळजोरी त्यांनी केली नाही हे मला मान्य आहे. पण बळजोरी नसणं आणि मोकळीक असणं यांत अंतर असतं, आणि ते अंतर त्यांनी स्वतः वॉन्टेजला अनुभवलेलं होतं.

एवढं नोंदवून पुढे जायला हवं, कारण पुढची गोष्ट मोठी आहे. स्वतः रमाबाईंनीच लिहिलं आहे की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता. तो १८९१ च्या सुमारास सापडला. आध्यात्मिक आत्मचरित्रांत अशी वाक्यं येतात आणि त्यांच्या खरेपणाचा बाहेरून थांग लागत नाही. मी पाहतो ते त्यानंतर काय घडलं हे. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपण स्वतः पोरवयात जे भोगलं ते दुसऱ्या मुली आत्ता भोगत आहेत, ही जाणीव त्यांना बसू देईना. त्या निघाल्या. पाणवठे, रेल्वे स्टेशनं, सरकारी दुष्काळी केंद्रं. मुलींच्या मागावर असलेले दलाल तिथे आधीच पोचलेले. तीनशेच्या आसपास मुली आणि बाया त्यांनी आणल्या. याच सुमारास पुण्यात प्लेग आला आणि शहरात माणसं ठेवण्यावर बंधनं आली, म्हणून मुलींना पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला, आधी घेऊन ठेवलेल्या माळावर नेलं. झाडाखाली, तंबूत, मग हळूहळू बांधलेल्या इमारतींत मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या.

हे करताना ख्रिस्ती सरकारचीही त्यांनी भीड ठेवली नाही. १८९७ साली प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या आपल्या एका मुलीची तिथे कशी आबाळ झाली, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर मांडलं. पुण्याचे सनातनी, सुधारक, इंग्रज बिशप, इंग्रज सरकार, या सगळ्यांना रमाबाई हट्टी वाटल्या. एवढ्या भिन्न लोकांचं एकमत क्वचितच होतं. (जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ‘सत्सार’ मध्ये त्यांची बाजू घेतली, हा अपवाद बोलका आहे.)

केडगावच्या रोजच्या कामाकडे पाहिलं की आज्ञापालन म्हणजे काय हे मला धर्मशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा नीट कळतं. शेकडो तोंडांचं दोन वेळचं जेवण. विहिरी खणणं, कारण त्या भागात पाण्याची मारामार. उवा, खरूज, उपासमारीनं आतडी आकसलेल्या मुलींना हळूहळू अन्नावर आणणं. विणकाम, शेती, गोठा, तेलघाणा, छापखाना. अंध मुलींना ब्रेल. फसवल्या गेलेल्या बायांसाठी वेगळं कृपा सदन, म्हणजे फुलहॅमला पाहिलेलं काम आता केडगावच्या माळावर. बायबलात कुठेही लिहिलेलं नाही की मध्य प्रांतात जा, माळावर विहीर खण, मुलींना छपाईचे खिळे जुळवायला शिकव. आज्ञा एका ओळीची असते. ती पाळायची म्हणजे उरलेलं सगळं आपल्याला स्वतःच्या डोक्यानं शोधावं लागतं. म्हणूनच स्वतःची बुद्धी गहाण टाकणारा माणूस फार चांगला आज्ञाधारक होऊ शकत नाही, असं माझं म्हणणं आहे. जेरल्डीनबाईंना जी बुद्धी अडथळा वाटली तीच केडगावला कामाला आली.

इथे प्रॉटेस्टंट वाचक हात वर करील: ही तर कर्मानं तारण मिळवण्याची वाट झाली! पौल सांगतो, तारण कृपेनं. लूथर तर याकोबाच्या पत्राची गवताशी तुलना करून बसला, कारण त्यात कर्माची भलामण आहे. ही भीती खोटी नाही, नवसाच्या मानसिकतेवर ती उताराच आहे. पण लूथरच्याच देशात चारशे वर्षांनी दीट्रिख बॉनहॉफरनं दाखवलं की कृपेवरचं भाषण ऐकून सुखानं घरी जाणारी मंडळी किती निरुपयोगी होऊ शकते. १९३७ च्या पुस्तकात त्यानं अशा कृपेला स्वस्त कृपा म्हटलं. त्या वर्षांत जर्मनीतले कितीतरी पाळक रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढून सत्तेचं ऐका म्हणून शिकवत होते. बॉनहॉफरनं ऐकलं नाही आणि ९ एप्रिल १९४५ ला फ्लोसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी झाली. त्याचा मुद्दा मला बिनतोड वाटतो: विश्वास आणि आज्ञापालन यांत आधी कोण, हा वाद चर्चेतच रंगतो, जगताना ती दोन्ही एकमेकांवाचून उभीच राहत नाहीत.

माझी कसोटी तुटते ती अब्राहामापाशी. मुलाला डोंगरावर नेऊन बळी दे, ही आज्ञा खालच्या दिशेनं नेत नाही. ती खालच्याच्या मानेवर सुरी ठेवते. या गोष्टीवर किर्केगोरनं १८४३ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्यानंही ती सोपी केली नाही. रविवारच्या शाळेत मुलांना ही गोष्ट अब्राहामाच्या शाबासकीसाठी सांगतात, तेव्हा मला प्रत्येक वेळी इसहाकाच्या वयाची मुलं समोर बसलेली दिसतात. माझ्यापुरतं उत्तर असं की उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात आवाज दोन आहेत. दुसरा आवाज थांब म्हणतो, आणि अब्राहाम थांबतो. निश्चय करून, लाकडं रचून, सुरी उचललेल्या माणसाला थांबणं जास्त अवघड असलं पाहिजे. पहिल्या आज्ञेवरच अडून बसणारे भक्त इतिहासात पुष्कळ झाले, त्यांना दुसरा आवाज ऐकूच आला नाही. हे उत्तर पूर्ण समाधानाचं नाही. पण त्या गोष्टीनं समाधान झालेल्या माणसांपेक्षा न झालेली माणसं मला देवाच्या अधिक जवळची वाटतात.

आजच्या मंडळ्यांत मात्र अब्राहामापेक्षा दावीद जास्त वापरला जातो. हिशेब मागणाऱ्या सभासदाला, ट्रस्टच्या जमिनीविषयी प्रश्न विचारणाऱ्या तरुणाला, पाळकाच्या वागण्याविषयी कुजबुजण्याऐवजी उघड बोलणाऱ्या बाईला ऐकवलं जातं की दावीदानं शौलावर हात टाकला नाही, कारण तो परमेश्वराचा अभिषिक्त होता. तेव्हा तुम्हीही अभिषिक्ताविरुद्ध बोलू नका. दावीदाच्या हातात तेव्हा तलवार होती आणि शौल गुहेत बेसावध होता, हा तपशील सोडून दिला जातो. कुणी हिशेब मागितला म्हणून तलवार उपसली असं होत नाही. आणि शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात तोच दावीद राजा झाल्यावर, अभिषिक्त असतानाच, नाथान संदेष्टा त्याच्या दरबारात जाऊन उरीयाच्या खुनाचा जाब त्याच्या तोंडावर विचारतो. दावीद त्याला बेइमान म्हणत नाही. आपलं पाप कबूल करतो. दोन्ही कथा एकाच ग्रंथात आहेत, आणि प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करायचं असेल तेव्हा एकच वाचली जाते.

यातून असाही अर्थ निघू नये की जो जो वर नाही म्हणतो तो देवाचं ऐकतोच. मंडळी सोडून स्वतःची वेगळी मंडळी थाटणारे, आणि वर्षभरात तिथले नवे अभिषिक्त होणारे, आपल्याकडे कमी नाहीत. नकार स्वस्त असतो. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही बसू शकतील अशी कल्पना होती. दोन वर्षांत टिळक गेले, आणि त्या नकाराचं पुढे काय झालं असतं ते पाहायचं राहिलं. रमाबाईंना मात्र काळ मिळाला. नकारानंतर तीस-पस्तीस वर्षं त्या एकाच दिशेनं चालत राहिल्या, म्हणून त्यांच्या नकाराचा अर्थ लावता येतो. निष्ठा तपासायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं बहुतांशी कंटाळवाणी असतात.

सगळ्यांत कंटाळवाणं, म्हणून मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटणारं त्यांचं काम बायबलच्या भाषांतराचं. प्रचलित मराठी बायबलाची भाषा खेड्यातल्या, नुकत्या वाचायला शिकलेल्या बाईला झेपत नाही, हे केडगावला त्यांना रोज दिसत होतं. तेव्हा संस्कृतात पारंगत असलेली ही बाई उतारवयाकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. कान पूर्वीपासूनच अधू. साधारण १९०५ पासून मरेपर्यंत हे काम चाललं. मुक्तीचा पसारा सांभाळून, शेवटची काही वर्षं आजारपण अंगावर काढून. १९२१ मध्ये मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची ती मुलगी. त्यानंतरही मुद्रितं तपासणं थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं.

मंडळ्यांनी ते उचललं नाही. उपासनेत बायबल सोसायटीचंच भाषांतर चालू राहिलं, आजही चालतं. मराठी ख्रिस्ती घरांत रमाबाईंचं नाव आदरानं घेतलं जातं आणि त्यांचं बायबल बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. यशाच्या मापानं ही सतरा-अठरा वर्षं वाया गेली असं कुणी म्हणालं तर त्याच्याशी मी हुज्जत घालणार नाही. आज्ञापालनाचं माप वेगळं आहे आणि तिथे हिशेब सोपा आहे. भाषांतर ज्या बायकांसाठी केलं त्या दुष्काळातून उचलून आणलेल्या, निरक्षर होत्या. त्यांतल्याच काहींना अक्षरओळख झाली, छापखान्यात जुळारीचं काम शिकवलं गेलं, आणि ते बायबल त्यांनीच जुळवलं, छापलं आणि बांधलं.